‘दुर्मिळ नवरंग आढळला’ ही बातमी आता पुरे

मे महिना सरत आला आणि नैर्ऋत्येकडे ढगांची चाहूल लागली, की मध्य भारतातल्या वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास उगवते. कुणाच्या सज्जात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा एखाद्या कार्यालयाच्या काचेच्या भिंतीखाली एक रंगीत पक्षी निपचित पडलेला सापडतो. कुणी त्याला पाणी पाजते, कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवते, कुणी सर्पमित्राला फोन करते. दुसऱ्या दिवशी मथळा झळकतो, ‘शहरात आढळला दुर्मिळ नवरंग’. नागपूर, गोंदिया, चंद्रपूर, रायपूर, दुर्ग. गाव बदलते, मथळा बदलत नाही. जो पक्षी वर्षानुवर्षे त्याच हंगामात, त्याच पट्ट्यात सापडतो, त्याला दुर्मिळ कसे म्हणावे, हा प्रश्न मात्र कुणाला पडलेला दिसत नाही.

आमचे घर भिलाईत. वडील पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी विदर्भातून इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर वसाहतीजवळच्या एका नव्या इमारतीच्या काचेखाली पहाटे असाच एक नवरंग मरून पडलेला पाहिला. कुणीतरी छायाचित्र काढून गटावर टाकले. सकाळी आठला तो ‘सुंदर पक्षी’ होता, दुपारी ‘दुर्मिळ’ झाला, संध्याकाळी ‘अतिदुर्मिळ’ आणि रात्री सगळे झोपण्यापूर्वी ‘जगातून नामशेष होत चाललेला’. बारा तासांत त्याची एवढी पदोन्नती झाली. पण ज्या काचेवर तो आपटला तिच्याबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. सफाईला आलेल्या माणसाने तो पाचोळ्याबरोबर उचलून नेला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की नवरंग दुर्मिळ नाही आणि त्याला दुर्मिळ म्हणणे ही निरुपद्रवी अतिशयोक्तीही नाही. या एका विशेषणाने बातमीतले विज्ञान गळून पडते आणि जे प्रश्न आपण विचारायला हवेत, ते विचारण्याची गरजच उरत नाही.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. नवरंग म्हणजे ‘पिट्टा ब्रॅकियुरा’. लिनियसने १७६६ साली त्याला कावळ्यांच्या प्रजातीत बसवले होते. पुढे १८१६ मध्ये व्हिएयो या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने ‘पिट्टा’ ही स्वतंत्र प्रजाती केली. हा शब्द तेलुगूतला. तेलुगूत पिट्टा म्हणजे लहान पक्षी. म्हणजे साऱ्या जगाच्या शास्त्रीय यादीत हे कुळ आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेतल्या नावाने नांदते. लांबी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर, वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास, शेपूट इतके आखूड की ते कुणी कापून टाकले असावे असे वाटते. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, पोट पिवळसर बदामी, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, गळा पांढरा आणि शेपटाखाली कुंकवासारखा लाल रंग. हिवाळ्यात तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. पावसाच्या सुमारास हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारताच्या डोंगररानांपर्यंत आणि पश्चिम घाटात तो विणीसाठी येतो. म्हणजे आपण ज्याला ‘वाट चुकलेला पाहुणा’ म्हणतो, तो इथे बाळंतपणाला आलेला असतो. त्याचे माहेर हेच.

मग तो दिसत का नाही? कारण त्याचे सारे आयुष्य आपली नजर जात नाही तिथे चालते. गर्द झुडपांच्या सावलीत, जमिनीवर, कुजत चाललेला पाचोळा चोचीने उलटून तो किडे आणि गांडुळे शोधतो. घरटे वाळक्या पानांचे आणि गवताचे, चेंडूसारखे गोल, एका बाजूला दार, बहुधा जमिनीवर किंवा फार उंच नसलेल्या फांदीवर. एवढे रंग अंगावर असूनही पानांच्या कवडशांत तो विरघळून जातो. ऐकू मात्र येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ रानात घुमते. तमिळ भाषेत त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे नाव आहे ते त्यामुळेच. ज्यांचा दिवस रानात उजाडतो त्यांच्या कानांना तो परिचित असतो. अनोळखी असतो तो उशिरा उठणाऱ्यांना, आणि बातम्या बहुधा आपण उशिरा उठणारेच लिहितो.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर आपण ‘असणे’ आणि ‘आढळणे’ यांत गल्लत करतो. एखादी प्रजाती एखाद्या जागी आहे की नाही हा एक प्रश्न. ती तिथे असेल तर पाहणाऱ्याला सापडण्याची शक्यता किती, हा दुसरा. परिसंस्थाशास्त्रातली एक पूर्ण शाखा या दोन संभाव्यता वेगळ्या करण्यात गुंतलेली आहे. एकाच जागेला पुन्हा पुन्हा भेट द्यायची, प्रत्येक भेटीत पक्षी आढळला की नाही याची नोंद ठेवायची आणि त्यावरून न आढळलेल्या उपस्थितीचा अंदाज बांधायचा. या कसोटीवर ‘मला प्रथमच दिसला’ हे विधान पाहणाऱ्याविषयी पुष्कळ सांगते, पक्ष्याविषयी फार थोडे.

दुर्मिळ या शब्दाचीही शास्त्रात नेमकी फोड आहे. डेबोरा रॅबिनोविट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञेने १९८१ साली तीन प्रश्न पुढे ठेवले. प्रजातीचा भौगोलिक विस्तार मोठा की लहान? तिला अनेक प्रकारचे अधिवास चालतात की एखादाच? आणि जिथे ती असते तिथे तिची संख्या भरपूर असते की तुरळक? या तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या आठ जोडण्या होतात. त्यांतली एक ‘सर्वसामान्य’, उरलेल्या सातही दुर्मिळतेच्या वेगवेगळ्या जाती. आता आपल्या वार्ताहरांना विचारावे, नवरंग यांतल्या कोणत्या खान्यात बसतो? विस्तार अर्ध्या उपखंडाचा. योग्य रान मिळाले तर पावसाळ्यात एकाच ओढ्याच्या काठी दोन-तीन नर एकमेकांना शिळेने उत्तर देतात. उरतो तो मधला प्रश्न, अधिवासाचा. सगळी मेख तिथेच आहे आणि ‘दुर्मिळ’ म्हणून मोकळे झाल्यावर नेमका तोच प्रश्न विचारायचा राहून जातो.

याच्या अगदी उलट, पण परिणामात तितकाच घातक असा दुसरा शब्द सरकारी कागदांत वावरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत नवरंगाचा वर्ग आहे ‘न्यूनतम चिंता’. या वर्गाचा अर्थ इतकाच, की जागतिक पातळीवर प्रजाती नष्ट होण्याचा धोका ठरवलेल्या मर्यादांच्या आत आहे. उदाहरणार्थ, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या तीस टक्क्यांहून अधिक घटली असे दिसले, तर ती ‘असुरक्षित’ वर्गाकडे सरकते. पण प्रकल्पांच्या अहवालांत आणि चर्चांत या वर्गाचे भाषांतर होते ‘चिंता नको’. चिंता आहे की नाही हे मोजल्यावर कळते, हे आपण नीलपंखाच्या बाबतीत पाहिले आहे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, छत्तीसगढी माणसांचा नीलकंठ, तारेवर बसलेला कुणालाही दिसणारा पक्षी. २०२३ मध्ये ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल आला, तेव्हा तोही याच निश्चिंत वर्गात होता. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी तपासल्यावर कळले, की त्याची संख्या तीस टक्क्यांहून अधिक घसरली आहे. अशा चौदा प्रजातींचे पुनर्मूल्यांकन करावे अशी शिफारस त्या अहवालाने केली. नीलपंख कधी कुणी ‘दुर्मिळ’ म्हणून छापला नव्हता. तो सर्वांच्या डोळ्यांदेखत कमी होत गेला.

तेव्हा वृत्तपत्र म्हणते ‘दुर्मिळ’, म्हणजे योगायोगाने दिसला, त्याचे काय करणार? कागद म्हणतो ‘न्यूनतम चिंता’, म्हणजे भरपूर आहेत, त्याचे काय करायचे? दोन्हींचे उत्तर एकच, काही नाही. आणि याच निष्क्रियतेत नवरंगाचे रान जाते.

कोणते रान? इथे भिलाईच्या माणसाने बोलताना थोडी लाज बाळगायला हवी, म्हणून आधी स्वतःबद्दल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले आणि आता रेल्वेचे रूळ आणखी दक्षिणेला, रावघाटच्या डोंगरांकडे निघाले आहेत. ते डोंगर उघडे नव्हते, त्यांच्यावर रान होते. आमचे शिक्षण, आमचे घर, वडिलांचे निवृत्तिवेतन त्या खनिजातून आले. पोलाद नको असे मी म्हणत नाही. ज्या रुळांवरून सारा देश प्रवास करतो त्यांतले पुष्कळसे इथेच घडले आहेत. पण त्या बदल्यात काय गेले हे मोजताना आपण कोणते माप वापरतो, हे विचारण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य, आमचेच आहे.

ते माप असे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्र आणि त्यावर दहा टक्के किंवा अधिक वृक्षछत्र असेल तर ते ‘वनाच्छादन’. मालकी कुणाचीही असो, झाडे कोणतीही असोत. फळबागाही त्यात येतात, एकसुरी लागवडही येते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारत वनस्थिती अहवाल २०२३’ने सांगितले, की वन आणि वृक्षाच्छादनातल्या वाढीत छत्तीसगढ देशात पहिला, वाढ ६८४ चौरस किलोमीटर. आम्ही आनंदाने ही बातमी पुढे पाठवली. अहवालाने यात काही लपवलेले नाही. त्याने व्याख्या स्वच्छ दिली आहे आणि त्या व्याख्येप्रमाणे मोजले आहे. चूक आपली, की आपण ‘वृक्षाच्छादन वाढले’ हे वाक्य ‘जंगल वाढले’ असे वाचतो. वृक्षछत्र ही उपग्रहाला वरून दिसणारी गोष्ट आहे. नवरंग राहतो खाली. त्याला लागतो छताखालचा दुसरा मजला, करवंद, मुरूडशेंग, बांबूची बेटे, ओढ्याकाठची जाळी, आणि त्याखाली वर्षानुवर्षे साठलेला, ओलसर, जिवंत पाचोळा. रांगेत लावलेल्या निलगिरीखाली हिरवे छत्र मोजता येते; नवरंगाला तिथे ना घरटे बांधण्याची जाळी मिळते, ना पोटभर किडे. एका डोंगरावरचे जुने रान तोडून दुसरीकडे तेवढ्याच हेक्टरांवर रोपे लावली, की जमाखर्चाच्या वहीत शिल्लक शून्य दिसते. ही शिल्लक खोटी आहे, कारण वहीत या दुसऱ्या मजल्याचा रकानाच नाही.

‘झुडपी’ या शब्दाची आपल्याकडे काय किंमत आहे हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर ‘झुडपी जंगल’ जमीन वन की पडीक, या वादात अनेक दशके अडकून पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ती वनजमीनच आहे असा निवाडा दिला. दुर्ग जिल्हाही एके काळी नागपूर राजधानी असलेल्या त्याच मध्य प्रांताचा भाग होता आणि झुडपांकडे ‘काहीच नसलेली जागा’ म्हणून पाहण्याची सवय आपण सर्वांनी तिथूनच उचलली. ज्या जागेत काहीच नाही असे आपण मानतो, तिथे पावसाच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पाचला जाऊन उभे राहावे. दोन सुरांची शीळ ऐकू आली, तर मग त्या जागेत काही नाही असे म्हणण्याचे धैर्य होते का ते पाहावे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. ‘दुर्मिळ म्हटल्याने निदान लोक थांबून वाचतात, पक्ष्याला खोक्यात ठेवून वाचवतात, साधा पक्षी म्हटले तर कोण विचारतो?’ हे खरे आहे, की त्या मथळ्यांमुळे काही नवरंग वाचले असतील. पण या सवयीची किंमत पाहा. ज्याला दुर्मिळ म्हटले त्याच्या मागे कॅमेरे लागतात. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित शीळ वाजवून नराला पुन्हा पुन्हा झुडपाबाहेर काढले जाते. हद्दीत दुसरा नर आला या समजुतीने तो खाणेपिणे सोडून उत्तर देत राहतो. शिवाय ज्या पक्ष्याला दुर्मिळतेचे प्रमाणपत्र मिळाले नाही त्याचा मृत्यू आपोआप क्षुल्लक ठरतो. कुतूहल जागवण्यासाठी खोटे बोलावे लागत असेल, तर ते कुतूहल विज्ञानाच्या कामाचे नाही. आणि नवरंगाबद्दल खरे बोलून कुतूहल जागत नाही असे कोण म्हणतो? मध्य भारतातल्या आपल्या साऱ्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा एकटाच एका वेगळ्या, जुन्या शाखेचा प्रतिनिधी आहे. या शाखेतल्या पक्ष्यांचे स्वरयंत्र साधे असते आणि त्यांचे गाणे बहुतांशी जन्मजात मानले जाते. बुलबुलासारखे ते वडीलधाऱ्यांकडून शिकावे लागत नाही. पन्नास ग्रॅमचा जीव रात्रीच्या अंधारात शेकडो किलोमीटर उडत येतो, हे वाक्य मथळ्याला पुरेसे नाही काय?

सर्वसामान्य पक्ष्यांच्या मृत्यूकडे नीट पाहिले तर काय होते, याचे उदाहरण शिकागोत आहे. तिथल्या फील्ड म्युझियममधले पक्षितज्ज्ञ डेव्हिड विलार्ड १९७८ पासून जवळच्या मॅकॉर्मिक प्लेस या काचेच्या इमारतीखाली पडलेले स्थलांतरी पक्षी गोळा करू लागले. बहुतेक सगळे ‘सामान्य’ पक्षी. त्यांनी प्रत्येकाची मोजमापे वहीत लिहिली. पुढे २०१९ मध्ये शिकागोत गोळा झालेल्या ७०,७१६ पक्ष्यांच्या मोजमापांतून दिसून आले, की हवामान तापत असताना ५२ प्रजातींची शरीरे चार दशकांत लहान होत गेली आणि पंख किंचित लांबले. जगभर गाजलेले हे संशोधन झाडूने गोळा होणाऱ्या मृत पक्ष्यांतून उभे राहिले. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच इमारतीवर एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी आपटून मेले. तेव्हा दशकांच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून उपाय मागता आला. काचांवर ठिपक्यांचा पातळ पडदा चिकटवला गेला आणि त्यानंतरच्या हंगामात मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. तिथे कुणी ‘दुर्मिळ’ म्हटले नव्हते. तिथे कुणीतरी मोजले होते.

आपल्या वसाहतीतला तो नवरंग पाचोळ्याबरोबर गेला. त्याची तारीख, वेळ, जागा, इमारतीची दिशा, रात्री तिथे दिवे किती होते, यातले काही उरले नाही. उरले ते एक छायाचित्र आणि एक चुकीचे विशेषण.

म्हणून विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी ही बातमी येईल तेव्हा ‘दुर्मिळ’ हा शब्द गाळा आणि त्या जागेत तीन गोष्टी लिहा. पक्षी कुठून कुठे निघाला असावा, तो कशावर आपटला, आणि गेल्या वर्षी याच सुमारास इथे किती आपटले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणापाशी नसेल, तर तीच बातमी आहे.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उत्तर तयार करणे तुमच्या हातात आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. नवरंगाची शीळ एका सकाळी ओळखता येते. मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे उभे राहा आणि ऐकू आली की नाही ते लिहा. ऐकू न आल्याची नोंदही तितकीच मोलाची असते. तीच बहुधा कुणी लिहीत नाही. या नोंदी ई-बर्डसारख्या सार्वजनिक संग्रहात टाका. महाविद्यालयाच्या काचेच्या भिंतींखाली महिनाभर सकाळी एक फेरी मारा. जखमी पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. हवा खेळेल अशा बंद खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाला कळवा. आवारातल्या एका कोपऱ्यातला पाचोळा यंदा जाळू नका, झाडू नका. शीळ वाजवून पक्षी बोलावणाऱ्या मित्राला थांबवा, तो नाराज झाला तरी.

भिलाईत पुढच्या मेमध्येही नवरंग येईल. तो दुर्मिळ नसेल. तो खाली पडला तर काच कोणती होती, आणि उडत गेला तर रान उरले आहे का, एवढे विचारायला आपल्यातले कुणीतरी पहाटे जागे असावे.